कार्ड खिशात, रोग अंगात : आरोग्य विमा आणि आपल्या सवयी

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले हे भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून थोडे नीटनेटके करून लिहून दिले आहे. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



 

मी डॉक्टर नाही, विम्याचा एजंटही नाही. १९८८ साली विसाव्या वर्षी बदली कामगार म्हणून गिरणीत चिकटलो, रिंग खात्यात बत्तीस वर्षे काढली. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनला गिरणीचा भोंगा थांबला तो पुन्हा वाजलाच नाही. शिक्षण म्हणाल तर रात्रशाळेत दहावी. बाकीचे शिक्षण ग्रंथालयात, युनियनच्या ऑफिसात आणि तुमच्यासारख्या माणसांत बसून झाले. तेव्हा माझ्या बोलण्यात विद्वत्ता शोधू नका. अनुभव आणि थोडे वाचन, एवढीच माझी शिदोरी.

आजचा विषय मी मुद्दाम घेतला आहे. गेल्या काही महिन्यांत आपल्या वस्तीत विम्याचे एजंट फिरत आहेत. रोज कोणी ना कोणी मला गाठतो आणि विचारतो, "भाऊ, कोणती पॉलिसी घेऊ?" मी उलट विचारतो, "आधी सांग, तंबाखू किती खातोस? बीपी शेवटचं कधी मोजलंस?" माणूस चिडतो. म्हणतो, "मी विम्याचं विचारतोय, तुम्ही माझ्या सवयींत कशाला शिरता?" मंडळी, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. कसा विमा निवडायचा आणि आपण रोज कसे वागतो, यांची गाठ कशी बांधलेली आहे एवढेच मला आज सांगायचे आहे. आणि त्यासाठी आधी माझी स्वतःची एक चूक तुमच्यासमोर कबूल करायची आहे.

गोष्ट २०१४ ची. आपल्याच वस्तीतील एक भाऊ. त्यांची आणि वहिनींची परवानगी घेऊन सांगतो आहे, नाव मात्र घेत नाही. त्यांनी कुटुंबासाठी तीन लाखांची पॉलिसी घ्यायचे ठरवले. फॉर्मवर प्रश्न होता : तंबाखू खाता का? रक्तदाबाचे औषध चालू आहे का? भाऊंना तंबाखू पंधरा वर्षांपासून आणि बीपीची गोळी दोन वर्षांपासून. एजंट म्हणाला, "नाही लिहा, उगाच हप्ता वाढेल." भाऊंना ते पटेना. ते फॉर्म घेऊन माझ्याकडे आले, कारण मी चार कागद वाचणारा माणूस. आणि मी, तुमचा हा कार्यकर्ता, काय म्हणालो? "अहो, सगळेच नाही लिहितात. लिहा नाही." तेव्हा माझ्याही गालात तंबाखूचा बार होता.

२०१९ च्या पावसाळ्यात भाऊंच्या छातीत कळ आली. त्यांच्याकडे केशरी रेशन कार्ड होते, सरकारी योजनेत बसले असते. पण "आपली पॉलिसी आहे ना" म्हणून त्यांना योजनेत नसलेल्या खासगी हॉस्पिटलात नेले. डॉक्टरांनी वहिनींना विचारले, काही व्यसन? पूर्वीचा आजार? वहिनींनी खरे ते सांगितले. तंबाखू वीस वर्षे, बीपी सात वर्षे. केसपेपरवर तसे लिहिले गेले. खरे सांगितले म्हणून डॉक्टरांना नेमका इलाज करता आला. पण तोच केसपेपर कंपनीकडे गेला, त्यांनी तो फॉर्मशी ताडून पाहिला आणि माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारला. तीन लाख चाळीस हजारांचे बिल. वहिनींचे दागिने गेले, पतपेढीचे कर्ज झाले, पोरीचा नर्सिंगचा प्रवेश एक वर्ष लांबला.

यात सर्वांत जास्त टोचते ते पुढचे. फॉर्मवर खरे लिहिले असते तर काय झाले असते? हप्ता थोडा वाढला असता. जुन्या आजारासाठी त्या वेळच्या नियमाप्रमाणे फार तर चार वर्षे थांबावे लागले असते. ती मुदत २०१८ मध्येच संपली असती. माझ्या दोन शब्दांनी त्या घराची पाच वर्षांची हप्त्यांची रक्कम पाण्यात गेली. भाऊ आज आपल्यात आहेत, मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांनी मला कधी एका शब्दाने दुखावले नाही. म्हणूनच मला बोलणे भाग आहे.

आता कोणी म्हणेल, कंपन्या अशा खोदून खोदून का विचारतात? जुन्या आजारासाठी थांबायला का लावतात? याचे उत्तर आपल्या आयाबहिणींना चांगले कळेल, कारण तुम्ही भिशी चालवता. समजा वीस बायकांची भिशी आहे. एक बाई म्हणाली, मी दर महिन्याला पैसे भरणार नाही, पण ज्या महिन्याला मला गरज लागेल त्या महिन्यापुरती भिशीत येईन आणि रक्कम उचलीन. तुम्ही घ्याल तिला? नाही घेणार. विम्याचे तसेच आहे. निरोगी असताना कोणी येणार नाही आणि डॉक्टरने ऑपरेशन सांगितले की सगळे धावत येणार, तर पेटीत पैसा राहणार कुठून? म्हणून प्रतीक्षा कालावधी असतो. पॉलिसी घेतल्यावर अपघात सोडून पहिले तीस दिवस बहुतेक आजारांचा क्लेम नसतो. मोतीबिंदू, हर्निया अशा ठरावीक आजारांना बहुधा दोन वर्षे थांबावे लागते. आधीपासून असलेल्या आजाराला पूर्वी चार वर्षांपर्यंत थांबवत, एप्रिल २०२४ पासून ही मर्यादा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली आहे.

म्हणजे बघा, विमा कोण कधी घेतो यातच त्याचा स्वभाव दिसतो. आपल्या वस्तीत मला चार तऱ्हेची माणसे दिसतात. एक तरुण पोरगा, "मला काय होतंय" म्हणणारा. तो घेतच नाही. दुसरा, ज्याला रिपोर्ट हातात पडल्यावर विमा आठवतो. तिसरा, ज्याला फक्त सर्वांत कमी हप्ता हवा, आत काय लिहिले आहे त्याच्याशी घेणेदेणे नाही. आणि चौथा, तब्येतीला जपणारा. दरवर्षी तपासणी करणार, मोटारसायकलवर हेल्मेट घालणार आणि पॉलिसीचा हप्ता तारखेच्या आधी भरणार. गंमत अशी की ज्याला गरज कमी तोच विमा आधी घेतो.

हे नुसते माझे निरीक्षण नाही. अमेरिकेत एमी फिंकेलस्टाइन आणि कॅथलीन मॅकगॅरी या दोन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २००६ साली एक अभ्यास छापला. म्हातारपणी शुश्रूषागृहात राहावे लागले तर खर्च देणारा एक विमा तिकडे असतो. तो कोण घेतो हे त्यांनी तपासले. ज्यांना आपल्यावर ती वेळ येईल असे वाटते ते घेतातच. पण त्याबरोबर वेळेवर तपासण्या करून घेणारे, गाडीत कायम पट्टा बांधणारे असे सावध लोकही तो विमा जास्त घेतात, आणि प्रत्यक्षात शुश्रूषागृहात जाण्याची पाळी याच सावध लोकांवर कमी येते. थोडक्यात, आपली सवयच आपला विमा निवडत असते.

मग उलटे होते का? चांगला विमा हातात आला की माणसाच्या सवयी सुधारतात का? हा खरा प्रश्न आहे. याचे उत्तर मिळवणे सोपे नाही. कारण विमावाला माणूस निरोगी दिसला तरी तो विम्यामुळे निरोगी की मुळातच जपणारा म्हणून विमावाला, हे कसे ओळखणार? त्यासाठी माणसाला निवडच करू द्यायची नाही, चिठ्ठी टाकून ठरवायचे, हाच मार्ग.

असा प्रयोग अमेरिकेत रँड नावाच्या संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात केला. जोसेफ न्यूहाउस हे त्याचे प्रमुख होते. हजारो कुटुंबांतील लोकांना चिठ्ठीसारख्या पद्धतीने वेगवेगळ्या योजनांत घातले. काहींना सगळा औषधोपचार फुकट. काहींना खर्चाचा काही भाग स्वतः भरावा लागे, त्याला वर्षाची एक मर्यादा होती. ज्यांना खिशातून भरावे लागले ते डॉक्टरकडे कमी गेले. गरजेच्या वेळीही कमी गेले, बिनगरजेच्या वेळीही कमी गेले. ज्यांना फुकट होते ते जास्त गेले. पुढे १९८३ मध्ये सुमारे चार हजार प्रौढांच्या तब्येतीचा हिशेब मांडला गेला. सर्वसाधारण माणसाच्या तब्येतीत फुकट योजनेमुळे फारसा फरक दिसला नाही. पण गरीब आणि रक्तदाब असलेल्या माणसाला फुकट योजनेचा स्पष्ट फायदा झाला. त्याचा बीपी सापडला, औषध सुरू झाले, काबूत आला. नजर अधू होती त्यांना चष्मे मिळाले. आणि सिगारेट? वजन? त्यात काही फरक पडला नाही. डॉक्टर फुकट मिळाला म्हणून कोणाच्या हातातली सिगारेट सुटली नाही.

दुसरा दाखला तिथल्याच ओरेगन राज्याचा. २००८ साली गरिबांच्या सरकारी विम्यात थोड्या जागा रिकाम्या होत्या. सुमारे नव्वद हजार लोकांनी नावे दिली, त्यांतील सुमारे तीस हजार नावे चिठ्ठीने निघाली. दोन वर्षांनी दोन्ही बाजूंच्या लोकांची तपासणी केली. ज्यांना विमा मिळाला त्यांच्यात मधुमेह जास्त सापडला, म्हणजे लपलेला रोग उघडा पडला आणि औषध सुरू झाले. मनाची उदासी कमी झाली. दवाखान्याच्या बिलामुळे घर बुडण्याचे प्रकार जवळजवळ थांबले. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, रक्तातील साखर यांत तेवढ्या काळात ठळक सुधारणा दिसली नाही. सिगारेटही कमी झाली नाही आणि वजनही नाही.

सात समुद्रापलीकडचे हे दाखले मी का देतो? कारण हेच माझ्या घरात घडले आहे.

गिरणीत आम्हाला ईएसआय होते. या योजनेची मुळे कुठे आहेत हे आपल्या मुलांना माहीत असायला हवे. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्या काळात, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. या योजनेत कामगाराला कोणी विचारत नाही की तू तंबाखू खातोस का, तुला साखर आहे का. निवड नाही, फॉर्मवरचे खोटे नाही. कायद्याच्या कक्षेतील प्रत्येक कामगार आत. पगाराच्या प्रमाणात पैसे कापायचे आणि ज्याला गरज त्याला इलाज द्यायचा. आज कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के. वीस हजार पगाराला कामगाराचे दीडशे, मालकाचे साडेसहाशे. मघाशी भिशीची जी अडचण सांगितली, ती इथे येतच नाही, कारण सगळेच पहिल्या दिवसापासून भिशीत आहेत. आणि दुसरी मोठी गोष्ट, इथे दाखल न होताही डॉक्टर, तपासणी आणि गोळ्या मिळतात.

इतकी चांगली योजना, आणि आम्ही तिचे काय केले? आम्ही ईएसआयच्या दवाखान्यात जायचो ते रजेचा दाखला घ्यायला! रांगेत अर्धा दिवस जातो म्हणून एरवी कोणी फिरकत नसे. २००९ मध्ये मी असाच तापाचा दाखला घ्यायला गेलो. डॉक्टरांनी सहज पट्टा बांधला आणि म्हणाले, "अहो, एकशे सत्तरवर एकशे दहा! तुम्ही चालत कसे आलात?" गोळ्या दिल्या, फुकट. मी पंधरा दिवस घेतल्या. बरे वाटले, दिल्या सोडून. फुकटच्या गोळ्या फडताळात पडून आणि माझा बीपी अंगात.

तंबाखूचेही तेच. गिरणीत कापूस, म्हणून विडी पेटवायला बंदी. त्यामुळे तंबाखू. जुने कामगार सांगायचे की बार भरला की तूस घशाखाली जात नाही. आम्ही विश्वास ठेवला. तुसाने छाती भरायची ती भरतच होती. सुटी संपून कामावर आलो की पहिल्या पाळीला छाती आवळल्यासारखी व्हायची. त्या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात आणि ईएसआय कायद्यात तो व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे, हे मला फार उशिरा कळले. म्हणजे छातीचा रोग गिरणीने दिला, आणि तोंडाचा रोग आम्ही स्वतः चुना लावून मळत होतो.

२०१५ मध्ये माझ्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. तपासणीत कॅन्सर नाही निघाला, पण डॉक्टर म्हणाले, थांबला नाहीत तर होऊ शकतो. त्या रात्री माझी पत्नी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी चहाच्या कपाशेजारी बीपीची गोळी ठेवू लागली. गोळी घेतल्याशिवाय कप हातात देत नसे. आणि माझी धाकटी, तेव्हा पाचवीत, संध्याकाळी माझे खिसे तपासायची. पुडी सापडली की विहारात सगळ्यांसमोर सांगेन म्हणायची. त्या दोघींनी माझी तंबाखू सोडवली. ईएसआयने रोग दाखवला, याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. पण सवय बदलली ती घरच्यांनी.

भगवान बुद्धांच्या चरित्रात कोसलचा राजा प्रसेनजित याची एक गोष्ट आहे. राजा फार जेवायचा. एकदा असाच तट्ट जेवून धापा टाकत भगवंतांपुढे येऊन बसला. भगवंतांनी त्याला जेवणातील प्रमाणाविषयी एक गाथा सांगितली. राजाने आपल्या भाच्याला ती पाठ करायला लावली आणि रोज आपल्या ताटाशी म्हणायला नेमले. हळूहळू राजाचे जेवण प्रमाणात आले, अंग हलके झाले. मंडळी, त्या राजाकडे राजवैद्य नव्हते का? औषधाला पैसा नव्हता का? सगळे होते. पण ताटाशी बसून आठवण करून देणारे एक माणूस लागले. आपल्या घरात तो भाचा कोण आहे, हे प्रत्येकाने शोधावे.

आता मुद्द्याकडे येतो. विमा निरुपयोगी आहे असे मी म्हणतो का? मुळीच नाही. विम्याने घर बुडत नाही आणि लपलेला रोग सापडू शकतो. या दोन गोष्टी गरिबाला सोन्यासारख्या आहेत. पण तपासणीसाठी दारात नेणारा विमा वेगळा आणि दाखल झाल्यावरच जागा होणारा विमा वेगळा, हे ओळखायला शिका.

आपल्याकडे बहुतेक विमा दुसऱ्या जातीचा आहे. १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला, तो हॉस्पिटलात दाखल होण्याच्या खर्चासाठी. २०१२ मध्ये आपल्या राज्यात राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत २०१८ मध्ये आली. जुलै २०२४ पासून राज्यातील योजना सर्व रेशन कार्डधारकांना खुली झाली आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण मिळू लागले. मोठी गोष्ट आहे. प्रत्येकाने हे कार्ड काढावेच. पण ही योजना योजनेतल्या हॉस्पिटलात, ठरावीक उपचारांपुरती आहे. दर महिन्याच्या बीपीच्या गोळीचे आणि साखर तपासणीचे पैसे ती देत नाही. पायाला गँगरीन झाल्यावर ऑपरेशनला कार्ड उपयोगी पडेल. पण गँगरीन होऊ नये म्हणून जी साखर सांभाळायची, ती आपल्यालाच सांभाळायची आहे. आणि आपण काय म्हणतो? "पाच लाखांचं कार्ड आहे, आता काळजी नाही." कार्ड खिशात आणि रोग अंगात, अशी आपली गत आहे.

मग करायचे काय? चार गोष्टी सांगतो.

पहिली, ज्याची ईएसआयची कपात होते त्याने दवाखान्यात जावे, आजारी नसतानाही जाऊन बीपी-साखर तपासून घ्यावी. रजेच्या दाखल्यापुरता तो दवाखाना नाही. किमान पाच वर्षे विमेदार असलेला कामगार निवृत्त झाला तर वर्षाला १२० रुपये भरून त्याला आणि पत्नीला औषधोपचार चालू ठेवता येतो. किती जणांना हे माहीत होते? हात वर करा. बघा, चारच हात. ईएसआय नसलेल्यांनी महापालिकेचा २०२२ पासूनचा आपला दवाखाना बघावा. तिथे तपासणी मोफत आहे.

दुसरी, खासगी पॉलिसी घेणार असाल तर नुसता हप्ता बघू नका. आपली सवय आणि आपला आजार समोर ठेवून निवडा. घरात साखर-बीपी आहे तर विचारा : जुन्या आजाराला किती थांबायचे? वर्षाची तपासणी फुकट आहे का? दाखल न होता केलेल्या तपासणीचे आणि औषधाचे पैसे मिळतात का? खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का? बिलातला किती हिस्सा आपण भरायचा? हप्ता स्वस्त आणि दर बिलाचे वीस टक्के आपल्या अंगावर, असे असेल तर आजारी माणूस दवाखाना टाळतो. रँडच्या प्रयोगात गरिबाने नेमके हेच केले होते. आणि पॉलिसी हातात आल्यावर तीस दिवस असतात. वाचून पटली नाही तर परत करता येते.

तिसरी, फॉर्मवर खरे लिहा. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीप्रमाणे दर शंभर प्रौढांत सुमारे सत्तावीस जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात आणि त्यातले बहुतेक चघळणारे आहेत. त्यात मशेरी लावणाऱ्या माझ्या बहिणीही आल्या. मशेरी म्हणजे तंबाखूच, ती "नाही"मध्ये बसत नाही. आता कोणी हुशार म्हणेल की पाच वर्षे पॉलिसी सलग चालली की माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. नियम तसा आहे, पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला तो लागू नाही. आणि हृदयाचा झटका पाच वर्षे संपायची वाट बघत नाही. क्लेम अन्यायाने नाकारला असे वाटले तर रडत बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद मिळाली नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

चौथी, हप्ता परवडत नाही म्हणणाऱ्यांसाठी हिशेब. तंबाखू, गुटखा, सिगारेट मिळून दिवसाला तीस रुपये धरा. वर्षाला दहा हजार नऊशे पन्नास होतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे आपल्या पोरांना पाठ आहे. आणि दारूचा हिशेब मी मांडत नाही. पाचवे शील आपण दर रविवारी इथेच घेतो, त्याची आठवण पुरे. व्यसन सोडायला मदत हवी असेल तर तंबाखूच्या पुडीवरच नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. फोन फुकट आहे. पुडी फेकण्यापूर्वी एकदा तेवढे वाचा.

शेवटी विहार समितीला एक विनंती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना झाली की एक टेबल मांडू या. एका बाजूला बीपीचे यंत्र आणि एक वही. वहीत प्रत्येकाचा आकडा. त्याच टेबलावर ज्यांना विम्याचा, योजनेचा फॉर्म भरायचा आहे त्यांचा फॉर्म वाचून, समजावून, खरा भरून द्यायचा. आपल्या वस्तीतील दोन मुली नर्स झाल्या आहेत. त्यातली एक त्याच भाऊंची, जिचा प्रवेश एक वर्ष लांबला होता. काल मी तिला विचारले, "बाळ, तू बसशील का टेबलावर?" ती म्हणाली, "काका, मी बीपी मोजते, तुम्ही फॉर्म भरा. पण या वेळी खरं लिहा."

मंडळी, याहून मोठी शिक्षा नाही आणि याहून मोठी माफी नाही. मी तिला शब्द दिला आहे. २०२१ मध्ये मी स्वतःची पॉलिसी घेतली, त्यात बीपीही लिहिला आणि सोडलेली तंबाखूही लिहिली. हप्ता जास्त बसला, भरतो आहे. रात्री झोप लागते.

पहिल्या रविवारी मी टेबल घेऊन बसणार आहे. येताना रेशन कार्ड आणा, जुनी पॉलिसी असेल तर आणा, आणि घरातल्या त्या एका माणसाला आणा जो बीपी मोजायला कधीच येत नाही.

  

नमो बुद्धाय! जय भीम!